निवेदनाचा फोटो कुणीही काढेल, पण पेपरला फोटोग्राफर लागतोच

रात्रपाळी (धागा सुरू करणारा)

एका स्थानिक दैनिकानं गेल्या महिन्यात आपल्या फोटोग्राफरला कळवलं की आता पगार बंद, छापून येईल त्या फोटोचे पैसे मिळतील. वार्ताहरांना सूचना गेली, बातमीबरोबर मोबाईलवर काढलेला फोटोही पाठवत जा. दैनिकाचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच चाललंय. माझी उभी नोकरी कोल्हापुरात पेपरच्या डेस्कवर, बहुतेक रात्रपाळीत गेली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. पेपरच्या हिशेबानंही आणि गावाच्या हिशेबानंही. तुमचं मत वेगळं असेल तर मोकळेपणानं लिहा.

जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, शाहू स्मारकातलं दीपप्रज्वलन, शाळेतलं वृक्षारोपण, नूतन अध्यक्षांचा सत्कार. हे फोटो कुणीही काढेल. आता तर मंडळी स्वतःच काढतात आणि डावीकडून कोण कोण आहे ते लिहून पाठवतात. त्यासाठी माणूस ठेवा असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी तो कधी ठेवलेलाच नव्हता. आतली दोन पानं भरायला आपणच त्याला या कामाला जुंपलं आणि आता म्हणतोय, हे तर मोबाईलवर भागतं.

त्याचं खरं काम फिरतीचं. सकाळी पंचगंगा घाट, तिथनं गंगावेश, दुपारी महापालिका आणि सीपीआर हा सरकारी दवाखाना, चारला शाहू स्टेडियमवर मॅच, मधेच रंकाळा. वार्ताहर बातमी असेल तिथं जातो. फोटोग्राफर बातमी नसतानाही रोज त्याच वाटेनं जातो, म्हणून काल नव्हतं ते त्याला आज दिसतं. उन्हाळ्यात नदीत मेलेले मासे वर आले की आमच्या डेस्कवर आधी फोटो यायचा, मग वार्ताहर प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन लावायचा. त्यातला एक फोटो मला अजून तसाच्या तसा आठवतो. बंधाऱ्याच्या कडेला फेसाळलेलं काळपट पाणी, पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे आणि त्यांच्यातनं वाट काढत पाण्यात उतरलेल्या म्हशी. मागं शर्टाचं टोक नाकाला लावून उभा असलेला पोरगा. बातमीत तपासणीचे आकडे होते, पण वाचकांची पत्रं आली ती त्या पोराबद्दल.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच जागेवर वर्षानुवर्षं जाऊन उभं राहणं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगेल. पण ४३ फूट म्हणजे सुतारवाड्यात कुठल्या उंबऱ्याला पाणी लागलं, जामदार क्लबजवळ रस्ता कुठवर बुडाला, व्हीनस कॉर्नरला कुठली पाटी पाण्यात गेली, हे फोटोतच सापडतं. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत एकाच माणसानं एकाच कोपऱ्यावरनं काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. पूररेषा कुठं आखायची, भराव कुठं झाला, बांधकामाला परवानगी कुठं द्यायची, या वादात त्याहून बोलका पुरावा मिळणार नाही. त्या संचात आणखी एक फोटो लागतो. ज्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आलीच नाही, त्या वर्षीचा त्याच कोपऱ्याचा. तो छापून येत नाही. मग त्याचे पैसे कोण देणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांच्या काळात १९१५ ला उभं राहिलेलं हे थिएटर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर ज्वाळाच ज्वाळा. आतला रंगमंच, विंगेतनं दिसणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा, रंगपटात तोंडाला रंग लावत बसलेले हौशी नट हे सगळं टिपून ठेवलं ते पेपरच्या फोटोग्राफरांनी. नाट्यस्पर्धेच्या साध्या असाइनमेंटला जायचं आणि पडदा वर जायच्या आधी अर्धा तास आत हिंडायचं, ही त्यांची सवय.

बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला ते हे गाव. इथल्या पेपरात फोटोग्राफरचं पगारी पद राहावं, फोटोखाली त्याचं नाव छापलं जावं आणि त्याचे फोटो पेपरनं सांभाळावेत, असं माझं म्हणणं आहे.

पहाटे_साडेचार

रात्रपाळी काका, मी पेपर एजंट. तुमची पाळी संपते तेव्हा माझी सुरू होते. पहाटे गठ्ठे उतरवून घ्यायचे, पुरवण्या घालायच्या, पोरं लाइनवर सोडायची आणि महिन्याच्या शेवटी दारोदार वसुली. म्हणून मी गिऱ्हाईक काय बोलतंय ते सांगतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांनी पेपर बंद केला त्यातली कितीतरी घरं परत आलीच नाहीत. जी आहेत ती म्हाताऱ्या माणसांमुळं आहेत. ती काय बघतात? निधन वार्ता, राशिभविष्य, पाणी कधी येणार, आणि आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो. होय, तोच सत्काराचा फोटो, ज्याला तुम्ही किंमत देत नाही. ज्याचा फोटो येतो तो त्या दिवशी जादा अंक घेतो. तुमच्या म्हशी आणि मासे बघून जादा अंक घेतलेला माणूस माझ्या लाइनवर मला भेटलेला नाही.

पुराचं म्हणाल तर २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, गठ्ठे बाहेर जाईनात. लोकांना पूर दिसला तो ड्रोनच्या व्हिडिओत. आख्खं चिखली आणि आंबेवाडी पाण्यात, हे वरनं जसं कळलं तसं कुठल्याच तीन कॉलमी फोटोनं कळलं नसतं.

आणि बाबूराव पेंटर फार मोठा माणूस, पण त्यांनी कॅमेरा घडवला म्हणून आज पेपरनं पगार द्यावा, हे काय मला पटत नाही. कागद महाग, छपाई महाग, जाहिरात मोबाईलवर गेलेली. पैसा कुठनं आणायचा ते आधी सांगा.

खासबाग

साडेचार भाऊ, तुम्ही कधी खासबागेत कुस्तीचं मैदान बघायला बसलाय का? शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं मैदान, असं खोलगट की लांबच्या माणसालाही हौद्यातली, म्हणजे मधल्या मातीतली, कुस्ती दिसते. पण दिसणं वेगळं आणि सापडणं वेगळं. मोठ्या जोडीला हजार मोबाईल वर असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकातही निकालाचा क्षण नसतो. एकात माती उडालेली, एकात पंचांची पाठ, एकात कुस्ती झाल्यावर खांद्यावर घेतलेला पैलवान.

पेपरचा जुना फोटोग्राफर बघा. तो हौद्याच्या कडेला मांडी घालून बसतो आणि कुस्ती चालू असताना जागा बदलतो. समोरचा खाली बसला, वरचा घिस्सा डाव काढणार, हे त्याला कळतं. पैलवान कुठल्या अंगावर फिरवणार, पाठ कुठल्या बाजूला टेकणार, हे ओळखून तो आधीच तिथं जाऊन बसलेला असतो. हे कॅमेऱ्यानं येत नाही. तालमीत जाऊन बसल्यानं, वस्तादांच्या शिव्या खाल्ल्यानं येतं. त्याला छापल्या फोटोमागं पैसे दिले तर तो तालमीत कशाला जाऊन बसेल?

आमच्या गावातल्या एका पैलवानाच्या घरी भिंतीवर एकच फोटो आहे, ढाक डाव लावतानाचा, पेपरातनं कापून फ्रेम केलेला. कागद पिवळा पडलाय. पैलवान आता हयात नाही. नातवाला आजा कसा होता ते दाखवायला घरात दुसरं काही नाही.

बातमीवाली

मी वार्ताहर आहे, मोबाईलवाली. इथं ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यातलीच एक, म्हणून सविस्तर लिहिते.

रात्रपाळी सर, तुमच्या लिहिण्यात एक गृहीत आहे की फोटोग्राफर म्हणजे नजर आणि वार्ताहर म्हणजे फक्त वही. माझ्या दिवसात बातमी आहे, फोटो आहे, व्हिडिओ आहे, वेबसाठी वेगळी चार वाक्यं आहेत. मी फोटो काढते ते नाइलाज म्हणून काढत नाही. सीपीआरच्या प्रसूती विभागात, आशा सेविकांच्या बैठकीत, ऊसतोड कामगार बायकांच्या खोपीत मला आत घेतात. आमचे फोटोग्राफर दादा दाराबाहेर थांबतात, आणि थांबायलाच पाहिजे. त्या बायका माझ्याशी तासभर बोललेल्या असतात, मग मी विचारते, फोटो काढू का? तोवर त्या कॅमेऱ्यासाठी तोंड करून बसलेल्या नसतात. हे फोटो लांब लेन्सनं मिळाले नसते.

कोल्हापुरात पेपरच्या फोटोग्राफर बायका किती बघितल्यात तुम्ही? तुम्ही जे पद वाचवायला निघालात त्या पदावर आमच्यासारख्यांना कुणी कधी घेतलं नाही. मोर्चात धक्काबुक्की होते, रात्री-अपरात्री अपघाताला जायला लागतं, तुला कसं जमेल, हे मी स्वतः ऐकलंय. मोबाईल आला तेव्हा कुठं आमच्या हातात चित्र आलं.

आणि पुरात वेढलेल्या गावांतनं जे फोटो आले ते कुणी काढले? पाण्यात अडकलेल्या माणसांनीच. माळ्यावर बांधलेली शेरडं, स्लॅबवर मांडलेली चूल. तिथं पेपरचा कॅमेरा पोचलाच नव्हता. माझं म्हणणं सरळ आहे. एका माणसाचं पद धरून बसण्यापेक्षा सगळ्या वार्ताहरांना नीट शिकवा, बरा मोबाईल द्या, कामाचे तास ठरवा.

रात्रपाळी

बातमीवाली, प्रसूती विभागाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. तिथं तुम्हीच पाहिजे. पण तुमच्या दिवसाचा हिशेब तुम्हीच दिलाय. बातमी, फोटो, व्हिडिओ, वेब. या दिवसात नदीकडं नुसतं बघत उभं राहायला वेळ कुठंय? माझा मुद्दा त्या वेळेचा आहे. तो वेळ पूर्वी एका माणसाला पगार देऊन विकत घेतलेला होता.

लोकांनी पाठवलेल्या फोटोंबद्दल डेस्कवरची गोष्ट सांगतो. महापुराच्या रात्री शेकड्यांनी फोटो यायचे. कुठलं गाव, कधीचा, कुणी काढला, काही कळायचं नाही. त्यात मागच्या पुरातले असायचे, दुसऱ्या राज्यातलेही असायचे. आम्ही ते कुणाला दाखवायचो? आमच्या फोटोग्राफरला. तो विजेच्या खांबाकडं, घराच्या कौलाकडं, मागच्या डोंगराच्या उताराकडं बघून सांगायचा, हे आपल्याकडचं नव्हे, ठेवा बाजूला.

कुंभारगल्ली

मी शाहूपुरी कुंभार गल्लीतली. २०१९ ला आमचं घर बुडालं, गणपतीच्या तोंडावर केलेल्या सगळ्या मूर्ती गेल्या. दोन दिवसांनी एका पेपरात माझ्या आईचा फोटो आला. बोटीतनं बाहेर काढतानाचा. भिजलेलं लुगडं, केस सुटलेले, तोंड उघडं, रडतेय. पाच कॉलमी. खाली लिहिलं होतं, पूरग्रस्त महिलेचा आक्रोश. तिला नाव नव्हतं, फक्त आक्रोश होता.

तुम्ही सगळे नजर म्हणा, गावाची आठवण म्हणा, पुरावा म्हणा. माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं. त्या फोटोनंतर पाहुण्यांचे फोन आले, कुठं कुठं तो फॉरवर्ड झाला. आई अजून त्या विषयावर बोलत नाही. ती चारचौघांत कधी पदर ढळू न देणारी बाई. तो फोटो काढणारा पगारी होता की बिनपगारी, याच्याशी मला काय करायचंय?

मी पेपरच्या ऑफिसात गेले होते. कुणी काढला म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, बघतो, सांगतो.

बॅग_खांद्यावर

मी याच धंद्यात आहे, अजून रोज बाहेर पडतो. वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण ताईंचं वाचून गप्प बसवेना.

ताई, तो फोटो माझा नाही. माझा असता तरी आज हेच लिहिलं असतं. बोटीत माणूस चढवताना थांबून विचारता येत नाही, जवान ओरडत असतात, बोट हलत असते. पण किनाऱ्याला उतरल्यावर विचारता येतं. नाव विचारता येतं, छापू का म्हणून विचारता येतं. मी विचारतो. नको म्हटलं की तो फोटो ऑफिसला जात नाही. आता यात पगाराचा संबंध कुठं येतो ते बघा. मला महिन्याचा पगार होता तेव्हा तो फोटो न पाठवणं मला परवडत होतं. फोटोमागं पैसे झाले की रडणारी बाई पाच कॉलमी जाते आणि रिकामा घाट जातच नाही. माणूस तोच, कॅमेरा तोच, पण बोट कशावर दाबायचं ते पैशाची पद्धत ठरवायला लागते. या निर्णयात मला सगळ्यात जास्त हे खुपतंय.

मोबाईलविषयी. माझ्याही खिशात आहे, मीही त्यावर काढतो, बरेच फोटो त्यावरच जातात. पण किरणोत्सवाचं उदाहरण देतो. अंबाबाईच्या देवळात ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातनं गरुड मंडपातनं आत येतात. पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळा खेळ मिनिटांचा. आकाशात ढग असला, हवेत धूळ जास्त असली की किरणं कमरेपर्यंत येतात आणि विरून जातात. गाभाऱ्यात अंधार असतो. मोबाईल काय करतो? अंधार दिसला की उजळतो. भिंत उजळली, खांब उजळले, मूर्ती उजळली. फोटो झकास दिसतो, फक्त किरण कुठवर आलं ते त्यात कळत नाही. आम्ही उलटं करतो. उजेड मोजायचा तो किरणाच्या पट्ट्यावर, बाकीचं काळं पडू द्यायचं. मग पट्ट्याची वरची कड स्पष्ट दिसते. यंदा कमरेपर्यंत की खांद्यापर्यंत, हे त्या कडेवरनं ठरतं. किरणांच्या वाटेत कुठल्या इमारतींचा अडथळा येतो यावर या शहरात किती वर्षं वाद चाललाय. तिथं उजळलेला फोटो म्हणजे खोटी साक्ष.

हे सगळं करायला लेन्स माझी, कॅमेऱ्याची बॉडी माझी, गाडी माझी. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, त्या तव्यावर गरम करून परत वापरतो. हप्ते भागवायला लगीनसराईत ऑर्डरी घेतो. मुहूर्ताच्या दिवशी गावात काही घडलं की पाय दोन ठिकाणी ओढतात. एका छापलेल्या फोटोच्या पैशात कधीकधी त्या दिवसाचं पेट्रोलही निघत नाही.

बातमीवाली ताई, बायकांना या कामात घेतलं नाही हे खरं आहे, आणि ते आमच्यातल्या लोकांनीही होऊ दिलं. पण जागाच काढून टाकल्यावर तुम्हाला तरी त्या जागेवर कोण घेणार?

दक्षिण_गॅलरी

फुटबॉलपुरतं बोलतो. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला आमची हौशी पोरं स्वतःची लांब लेन्स घेऊन उभी असतात. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, कुठलाही संघ असो, मॅच सुटायच्या आत फोटो पेजवर. हेडर, स्लायडिंग टॅकल, गोलनंतरचा जल्लोष, सगळं. कुठल्याही पेपरापेक्षा भारी आणि फुकट. पेपरात दुसऱ्या दिवशी सिंगल कॉलम येतो, त्यात बॉलच नसतो. नजर पगारानंच येते हे मला मान्य नाही. वेड लागलं की येते.

खासबाग

दक्षिण गॅलरी, तुमची पोरं भारी काढतात, मी बघतो. पण ती आपल्या संघाच्या मॅचला येतात. स्टेडियमबाहेर दोन पेठांची दगडफेक झाली त्या दिवशी त्यातल्या किती जणांनी आपल्याच बाजूच्या पोरांचे फोटो टाकले? कुणीच नाही. मित्राचा फोटो कसा टाकणार? पेपरच्या माणसाला तो टाकायला लागतो.

दक्षिण_गॅलरी

हे बरोबर आहे. पण पेपरचा माणूसही पेठेतच राहतो, त्याच्या घरावरही पोरं जातात. पेपर त्याच्या मागं उभा राहतो का ते त्याला विचारा.

कसबा_बावडा

कायद्याचं थोडं लिहितो, कारण 'फोटो पेपरचे' असं इथं सगळ्यांनी धरून चाललेलं दिसतंय.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. पेपरच्या नोकरीत असताना पेपरसाठी काढलेल्या फोटोवर मालकाचा हक्क असतो, पण तो पेपरात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सगळ्या बाबतीत पहिला मालक फोटोग्राफरच, वेगळा करार नसेल तर. म्हणजे प्रदर्शन, पुस्तक, कॅलेंडर हे त्याचं. नोकरीबाहेरच्या माणसाला पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोची गोष्ट वेगळी, तिथं सांगणाऱ्याची मालकी येऊ शकते. पण स्वतःहून काढलेला आणि नंतर पेपरला दिलेला फोटो फोटोग्राफरचाच राहतो. हक्क लिहून द्यायचे असतील तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून आपलं नाव लागावं असा दावाही त्याला करता येतो.

म्हणजे पगार बंद करून पेपरनं पैसे वाचवले असतील, पण हातातलं काहीतरी सोडलंही आहे. व्यवस्थापनाला हे कुणी समजावून सांगितलंय असं दिसत नाही. उलट फोटोग्राफर मंडळींनी आता समोर आलेल्या कागदावर न वाचता सह्या करू नयेत, कारण त्या कागदात नेमकं हेच मागितलेलं असेल.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या व्याख्येत वार्ताहराच्या बरोबरीनं वृत्तछायाचित्रकार होता; २०२५ ला त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, तिच्या व्याख्येतही तो आहे. तो पत्रकार नव्हे, नुसता तंत्रज्ञ, असं कुणी ऑफिसात म्हणत असेल तर त्याला ती व्याख्या दाखवा. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना २०११ ची, सर्वोच्च न्यायालयानं ती २०१४ ला उचलून धरली. जिल्ह्याच्या गावात किती जणांच्या हातात त्याप्रमाणे पैसे पडले, हे या धाग्यावरच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

कात्रण

ग्रंथालयात काम केलेलं असल्यामुळं फोटो सांभाळून ठेवायच्या मुद्द्यावर बोलते. रात्रपाळींनी तो एका वाक्यात उरकला, माझ्या मते तोच सगळ्यात तातडीचा.

रोलच्या काळातल्या निगेटिव्ह आज कुठं आहेत? माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आपल्या दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात. ट्रंक उघडली की आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर समजायचं की फिल्म आतनं नासायला लागली, आणि त्यातली एक शेजारच्या सगळ्यांना नासवते. डिजिटल आल्यावर तर आणखी वाईट. हार्ड डिस्क बंद पडली की आवाजही होत नाही.

त्याहून मोठा घोळ नोंदीचा. मी असे खोके बघितलेत ज्यात शेकडो उत्तम फोटो आहेत आणि एकाच्याही मागं गाव, तारीख, नाव नाही. मोर्चा दिसतोय, पण कशाचा? काढणाऱ्यालाच फक्त माहीत. तो आहे तोवर त्याच्याशेजारी बसून लिहून घेतलं पाहिजे. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आपल्याकडं आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. पेपरचं पद टिकेल न टिकेल, त्यासाठी थांबू नका. ज्यांच्या घरी खोके आहेत त्यांनी आधी निदान पिशव्यांवर वर्षं लिहा, प्लॅस्टिकमधनं काढून कागदी पाकिटात घाला.

पहाटे_साडेचार

कात्रण ताईंचं पटलं, करायलाच पाहिजे. वकीलसाहेबांचंही. पण माझ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. पगार कुठनं?

रात्रपाळी

भाऊ, उत्तर देतो. एक, तुम्हीच सांगितलंत की ज्याचा फोटो येतो तो जादा अंक घेतो. मग पैलवानाचा, खेळाडूचा, घाटावरच्या कोळ्याचा, कुंभाराचा नीट काढलेला, नावानिशी छापलेला फोटोही जादा अंक खपवेल. अध्यक्षांच्या फोटोइतके नसतील, पण खपतील. दोन, पेपरकडं पन्नास-पन्नास वर्षांचं चित्र पडून आहे. शाही दसऱ्याला मेबॅक गाडीतनं येणाऱ्या स्वारीचे, जुन्या रंकाळ्याचे, खासबागेतल्या गाजलेल्या कुस्त्यांचे छापील फोटो विकत मिळतील अशी या शहरात एक तरी जागा आहे का? हॉटेलवाले, पर्यटक, परगावी गेलेले कोल्हापूरकर घेतील. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे फोटोग्राफरचा वाटा ठरवून करता येईल. तीन, अंकाची किंमत. चहाच्या कपाला माणूस कुरकुर न करता जेवढे मोजतो तेवढे पेपरला मोजायला काय हरकत आहे?

पहाटे_साडेचार

दुसरं जमेल, मीच स्टॉल लावतो. तिसऱ्याला मी विरोध करणार. किंमत वाढली की पहिला फोन मला येतो, उद्यापासून टाकू नका म्हणून. आणि लिहून ठेवा, वाढीव पैसे आले तरी ते फोटोग्राफरकडं जाणार नाहीत.

बातमीवाली

मीही माझ्या मतावर आहे, थोडं बदलून. बॅग_खांद्यावर यांनी विचारलं, जागाच नसेल तर तुम्हाला कोण घेणार? रास्त प्रश्न आहे. मग मागणी अशी करा की पगारी पद ठेवा आणि पुढची भरती खुली करा, मुलींनाही बोलवा. जुन्या माणसाबरोबर वर्षभर फिरू द्या, घाटावर, तालमीत, गाभाऱ्यासमोर. नुसतं 'होतं ते राहू द्या' यावर माझी सही मिळणार नाही.

बॅग_खांद्यावर

चालेल. किरणोत्सवाला या, माझ्याशेजारी उभं राहा. जागा थोडी आहे, लवकर यायला लागेल.

कुंभारगल्ली

बॅग_खांद्यावर दादा, तुम्ही सभ्यपणे लिहिलंत, म्हणून उत्तर देते. तुमचं पटलं नाही. किनाऱ्यावर उतरलेल्या, घर गेलेल्या बाईला 'छापू का' म्हणून विचारलं तर ती नाही म्हणायच्या अवस्थेत असते का? आमच्या आईनं मान हलवली असती, तिला काय विचारतायत तेही कळलं नसतं. संध्याकाळी छावणीत येऊन, चहा घेऊन, फोटो दाखवून विचारा. पेपरला उशीर होत असेल तर होऊ दे.

फोटोखाली नाव छापायची मागणी मात्र माझीही आहे, तुमच्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. त्या दिवशी ऑफिसच्या टेबलापुढं उभी होते तेव्हा मला समोर माणूस पाहिजे होता. या जुलैच्या आत तेवढं तरी सुरू करा, नदी काय थांबणार नाही.